मोटार अपघाताची नुकसानभरपाई : हक्क, मुदत आणि कागद



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. पहाटेच्या अंधारात काट्याकडे निघालेली बैलगाड्यांची रांग, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक, त्यांच्या मधून वाट काढणारे दूधवाले आणि शाळेला निघालेली पोरे, अशी सगळी गर्दी एकाच रस्त्यावर होते. अशा वेळी अपघात होतात. आपण सावध असलो तरी समोरचा सावध असेलच असे नाही.

अपघात झाला की पुढे काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जखमी माणूस दवाखान्यात, घरची माणसे पैशाच्या जुळवाजुळवीत. तेवढ्यात गावातले चार शहाणे पुढे होतात आणि सांगतात, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. जाग्यावर मिटवून टाका." दहा-वीस हजारांवर तडजोड होते, कोऱ्या कागदावर सही होते. चार महिन्यांनी डॉक्टर सांगतात की पाय आता पूर्वीसारखा होणार नाही. मग धावाधाव सुरू होते. पण बैल गेला नि झोपा केला, त्याचा उपयोग किती?

कायद्याने जखमीला हक्क दिलेला आहे. परंतु हा हक्क पदरात पडतो तो कागदावर, आणि त्या कागदाला मुदत आहे. सभासदांनी या लेखातून एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले.

कायदा काय म्हणतो?

मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे असावीत ही तरतूद १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली. सध्या १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि तिचा विमा व भरपाईविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आला. गावात अजून जुने नियम सांगणारे बरेच भेटतात, म्हणून ही तारीख लक्षात ठेवावी.

भरपाई मिळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग कलम १६६ चा. समोरच्या वाहनाच्या चालकाची चूक दाखवून न्यायाधिकरणाकडून पूर्ण भरपाई मागायची. यात रकमेला वरची मर्यादा नाही. जेवढे नुकसान पुराव्याने दाखवाल तेवढे मागता येते. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा येथे लागत नाही. घटना अशीच घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दिसले तरी पुरते.

दुसरा मार्ग कलम १६४ चा. यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये अशी ठराविक रक्कम मिळते. हाड मोडणे, डोळा जाणे, अवयव निकामी होणे या गोष्टी गंभीर दुखापतीत येतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कलम १६४ ची रक्कम विमा कंपनीकडून तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. मोडलेले हाड सरळ जुळले असेल आणि माणूस पुन्हा कामाला लागला असेल, तर अडीच लाख ठीक आहेत. पण हात कायमचा गेला असेल तर घाईने सही करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय.

तिसरा मार्ग पळून गेलेल्या वाहनाचा. धडक देऊन वाहन निघून गेले आणि नंबर कोणालाच कळला नाही, तर कलम १६१ प्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. यासाठी न्यायाधिकरणात जावे लागत नाही. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, चौकशी होऊन मंजुरी जिल्हाधिकारी देतात. "गाडीच सापडली नाही, आता कुणाकडे मागणार?" असे म्हणून अनेक घरे गप्प बसतात. त्यांना ही तरतूद माहीत नसते.

सहा महिन्यांची मुदत

१९९४ साली दाव्याची मुदत कायद्यातून काढून टाकण्यात आली होती. त्यामुळे "क्लेम कधीही टाकता येतो" असे लोक अजून सांगतात. ते आता खरे धरू नये. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची अट पुन्हा आली आहे. या अटीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे हे खरे, पण त्या भरवशावर कोणी उसाचे बिल येईपर्यंत थांबू नये. ज्यांची मुदत आधीच टळली आहे त्यांनीही परस्पर आशा सोडू नये, वकिलाला विचारावे.

लवकर दावा करण्यात आणखी एक फायदा आहे. मंजूर रकमेवर न्यायाधिकरण व्याज देते, पण ते दावा दाखल केल्याच्या आधीच्या तारखेपासून मिळत नाही. उशीर केला की तेवढे व्याज बुडाले.

दावा कोठे करायचा याची मोकळीक कायद्याने दिलेली आहे. अपघात झाला तेथे, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा चालतो. बीडकडून तोडणीला आलेल्या मजुराला कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात अपघात झाला, तर त्याने हंगाम संपल्यावर तारखांसाठी इकडे हेलपाटे मारण्याची गरज नाही. तो बीडमध्ये दावा करू शकतो. आपल्या फडातल्या टोळीच्या मुकादमाला ही गोष्ट अवश्य सांगावी.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे?

सर्वांत आधी माणूस वाचवावा. ११२ क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नये. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कलम १३४-अ ने संरक्षण दिलेले आहे आणि त्याच्यावर साक्षीदार होण्याची सक्ती नाही.

दवाखान्यात दाखल करताना केसपेपरवर काय लिहिले जाते याकडे घरच्या एका माणसाने लक्ष द्यावे. पोलीस केस नको म्हणून पुष्कळ जण "घसरून पडला", "बैलाने ढकलले" असे सांगतात. हेच वाक्य दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील न्यायाधिकरणात वाचून दाखवतो. मोटारीची धडक बसली असेल तर तसेच सांगावे, तसेच लिहून घ्यावे. वाहनाचा नंबर, ठिकाण आणि वेळही सांगावी.

पोलिसांत फिर्याद द्यावी. माणूस अत्यवस्थ असताना फिर्यादीला थोडा उशीर झाला, तर तेवढ्या कारणावरून दावा नाकारू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. तथापि उशिराचे कारण फिर्यादीत लिहावे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

२०२२ पासून पोलिसांवरही जबाबदारी आली आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. या नियमांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये आदेश दिले आहेत. म्हणून ठाण्यात जाऊन नम्रपणे, पण ठामपणे विचारावे, "साहेब, आमचा सविस्तर अहवाल गेला का?" अहवाल गेल्यावर विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीची रक्कम सांगायची असते. ती पसंत नसेल तर नाकारता येते आणि दावा पुढे चालतो.

भरपाई कशी मोजतात?

येथेच शेतकरी दावेदार मागे पडतो, म्हणून हिशेब थोडा विस्ताराने पाहू.

जखमी माणसाला औषधोपचाराचा खर्च, बरे होईपर्यंत बुडालेली मिळकत, पुढील उपचारांचा खर्च, कायमच्या अपंगत्वामुळे होणारे मिळकतीचे नुकसान, तसेच सोसलेल्या वेदना व गमावलेले सुख यांबद्दल भरपाई मिळते. दवाखान्याला जायला केलेली जीप, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, हेही मागता येते. पण पावती पाहिजे. घरी एक पिशवी टांगावी आणि प्रत्येक चिठ्ठी त्यात टाकावी.

अपंगत्वाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महत्त्वाचा निकाल दिला आहे. दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का आणि मिळकतीच्या नुकसानीचा टक्का एकच असतो असे नाही. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बसतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते. म्हणून दाखला आणून भागत नाही. जखमी माणूस काय काम करीत होता आणि आता त्याला काय जमत नाही, हे न्यायाधिकरणाला सांगावे लागते. कोयता धरता येत नाही, पाठीवर मोळी घेऊन फळीवर चढता येत नाही, ट्रॅक्टरचा क्लच दाबता येत नाही, असे स्पष्ट सांगावे. शक्यतो ज्या डॉक्टरने उपचार केले त्याचीच साक्ष द्यावी.

आता आकडे पाहू. समजा, ३८ वर्षांचा एक शेतकरी महिना १५,००० रुपये मिळवत होता आणि अपघाताने त्याची कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली. वर्षाची मिळकत १,८०,००० झाली. चाळिशीच्या आतील स्वतंत्र धंदेवाल्याच्या मिळकतीत पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवावे, असे घटनापीठाने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. म्हणजे २,५२,००० झाले. त्याचे ४० टक्के १,००,८०० होतात. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे, तो २००९ च्या निकालातील तक्त्यात दिलेला आहे. गुणाकार केला की १५,१२,००० रुपये होतात. औषधपाणी व इतर बाबी वेगळ्या.

आता हाच माणूस दगावला असता आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे चार असती, तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा होतो. २,५२,००० मधून ६३,००० गेले, राहिले १,८९,०००. गुणिले १५, म्हणजे २८,३५,००० रुपये. अंत्यविधी व इतर ठराविक रकमा त्यावर. जाग्यावर मिटवलेल्या वीस हजारांशी हे आकडे ताडून पाहावेत.

वय वाढते तसा गुणक उतरतो. १५ ते २५ वयाला १८, तर ६५ च्या पुढे ५. पण म्हातारा माणूस म्हणून काहीच मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

मिळकतीचा पुरावा

शेतकऱ्याजवळ पगारपत्रक नसते. म्हणून विमा कंपनी त्याची मिळकत मजुराएवढी धरावी असे म्हणते. शिवाय जमीन तर मागे राहिलीच आहे, मग नुकसान कसले, असाही सवाल येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले आहे की जमीन वारसांकडे राहते हे खरे, पण ती कसणाऱ्याची देखरेख आणि कष्ट गेले, ते पैसे देऊन आणावे लागतात. म्हणजे उसाचे सगळे बिल नुकसान म्हणून धरले जात नाही आणि शून्यही धरले जात नाही.

हे मोल दाखवायला सातबारा, कारखान्याकडील ऊस बिलाच्या पावत्या, दूध संघाची बिले, सोसायटीचे खाते, बँकेचे पासबुक आणि ट्रॅक्टर असेल तर वाहतुकीचे बिल जोडावे. अपघातानंतर सालगडी ठेवावा लागला किंवा शेत वाट्याने द्यावे लागले असेल, तर त्याचीही नोंद ठेवावी. बिले बहुधा घरातल्या कर्त्याच्या नावावर असतात आणि राबतो मुलगा. अशा वेळी शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष कामी येते.

वाहनमालक सभासदांसाठी

आतापर्यंत आपण जखमीच्या बाजूने पाहिले. पण आपल्यापैकी अनेक जण ट्रॅक्टर-ट्रेलरचे मालक आहेत. उद्या आपल्याच ट्रॉलीखाली कोणी सापडले तर भरपाई कोण देणार? विमा धड असेल तर कंपनी देते. तो नसेल तर मालकाने द्यायची, आणि न दिल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे पाळी सातबाऱ्यावर येते. म्हणून हंगामापूर्वी इंजिनाचे ऑइल बदलतो तसा विम्याचा कागदही एकदा तपासावा.

पॉलिसीवर वाहनाचा कोणता वापर लिहिला आहे ते पाहावे. शेतीकामाचा विमा घेऊन भाड्याने वाहतूक केली तर कंपनी तेथेच बोट ठेवते. प्रत्येक ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आहे का आणि त्याचा विम्यात समावेश आहे का, याची खात्री करावी.

ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय दुसऱ्याला बसण्याची जागा नसते. मडगार्डवर बसलेला पाहुणा किंवा ट्रॉलीतून बाजाराला, लग्नाला निघालेली माणसे यांची जोखीम विमा कंपनीवर नसते. काही खटल्यांत न्यायालयाने कंपनीला आधी रक्कम भरायला लावली, पण ती पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली. कामावरील मजुरांची जोखीम जादा हप्ता भरून घेता येते, ती घेतली आहे का हे विचारून घ्यावे. मजुराला कामावर असताना मोटार अपघात झाला तर कामगार भरपाईचा कायदा किंवा मोटार वाहन कायदा यांपैकी एकाखाली दावा करता येतो, दोन्हींखाली नाही.

ड्रायव्हरचे लायसन चालू असावे. हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. मात्र लायसनच नसेल तर गोष्ट वेगळी. "पोरगं चांगलं चालवतंय की" म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

मालक स्वतःच वाहन चालवीत असताना स्वतःच्या चुकीने जखमी झाला किंवा दगावला, तर त्याला अथवा त्याच्या वारसांना स्वतःच्याच विमा कंपनीकडून कलम १६६ ची भरपाई मागता येत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो पॉलिसीत घेतलेला आहे का ते पाहावे. तसेच मोटारसायकलला केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चुकीने गाडी घसरल्यास मागे बसलेल्या बायकोची किंवा आईची जोखीम त्यात येत नाही.

आणि शेवटी उजेडाची गोष्ट. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी करून ठेवली आणि मागून कोणी धडकले, तर दोष ट्रॉलीवाल्याकडे येतो. उलट आपल्या बिनदिव्याच्या बैलगाडीला ट्रकने ठोकले, तरी आपल्या दोषाच्या प्रमाणात आपली भरपाई कापली जाते. लाल रिफ्लेक्टरला खर्च किती येतो?

वकील, लोकअदालत आणि इतर मदत

दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या क्लेमवाल्या एजंटाला कोरे कागद सही करून देऊ नयेत. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास वकिलांच्या व्यवसायाचे नियम मनाई करतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो, पण तेथील निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे वरील हिशेब करूनच आकडा मान्य करावा. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ही याहून निराळी. तिच्यात मृत्यूसाठी २ लाख रुपयांची मदत आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, तोही लवकर करावा लागतो.

ध्यानात ठेवण्याचे कागद

फिर्याद व पंचनामा, दवाखान्याचे सर्व कागद व पावत्या, अपंगत्वाचा दाखला किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, समोरच्या वाहनाचा नंबर व विमा तपशील, वयाचा पुरावा, मिळकतीचा पुरावा आणि वारसांची नावे. हे सगळे एका पिशवीत असले की अर्धे काम झाले.

सभासदांनी हा अंक वाचून कपाटात ठेवण्याऐवजी घरातल्या शिकलेल्या मुला-सुनेच्या हाती द्यावा, आणि टोळीच्या मुकादमाला, गाडीवानांना त्यातले मुद्दे वाचून दाखवावेत. ज्या घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्या घराची चूल पेटती राहायची ती या हक्काच्या पैशावर. तो पैसा केवळ नोंद केली नाही किंवा सहा महिने टळले म्हणून बुडू नये. यंदाचा हंगाम सर्वांना सुखरूप जावो आणि या माहितीची वेळ कोणावरही न येवो, हीच इच्छा.